वायली स्ट्राउडच्या डोळ्यातला माणूस

मेजर बॅस्कमच्या कापसाच्या कारखान्याची दारं भरदुपारी लावून घेतली होती आणि आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सरकीच्या ढिगावर पोरं चढली होती. गोऱ्या बायकांसाठी बाकं टाकली होती, पुरुष उभ्याउभ्या तंबाखू थुंकत होते, आणि काळी माणसं, जी काही यायला धजली होती ती, मागच्या भिंतीला पाठ लावून होती. समोर एक चादर ताणलेली. चादरीशेजारी, दोन पिंपांवर आडव्या टाकलेल्या दारावर, वायली स्ट्राउड गोधडी पांघरून निजला होता. परवा सकाळी तो ओढ्याकाठी मेलेला सापडला होता, आणि चौकशी संपेपर्यंत त्याला पुरायची सोय नव्हती. डिसेंबरची थंडी होती म्हणून बरं.

"दिवा!" प्रोफेसर लायसँडर पेल ओरडला.

पेटीतल्या फोटोच्या काचेमागे दिवा लागला, भिंगातून उजेडाचा झोत निघाला आणि चादरीवर एक डोळा उघडला. गाडीच्या चाकाएवढा! वायलीचा डोळा! बायकांनी किंकाळ्या फोडल्या, एका म्हाताऱ्यानं हॅट काढून छातीशी धरली.

"सज्जनहो आणि मातांनो!" प्रोफेसरनं छडी उगारली. "माणूस मरतो, डोळा मरत नाही! शेवटच्या क्षणी जे दिसलं ते डोळा धरून बसतो, चिक्कू म्हातारीनं बटवा धरावा तसा! मी काय करतो? मी फक्त बटव्याची नाडी सोडतो. कशानं? माझ्या विद्युत-नेत्र-अर्काच्या दोन थेंबांनी! पॅरिसचे राजवैद्य या अर्कापुढे नमतात, लंडनचे न्यायाधीश टोपी काढतात! ठाऊक नव्हतं ते फक्त आपल्या परगण्याला, आणि म्हणून इथले खुनी आजवर सुखानं घोरत होते!"

पॅरिसच्या राजवैद्यांची आणि याची गाठ कुठे पडली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पॅरिस कुठल्या दिशेला आहे हे जिथे ठाऊक नसतं, तिथेच पॅरिसचं नाव जास्त खपतं.

"आता बाहुलीत बघा. पांढरा चौकोन दिसतो? त्या चौकोनात काय आहे?"

"माणूस!" पोरं ओरडली.

"कसा माणूस?"

"काळा!" आता मोठ्यांचाही आवाज मिसळला. "काळा माणूस! हॅट घातलेला!"

"हात वर उगारलाय बघा!"

"आणि खाली तो दांडा! कुऱ्हाडीचा दांडा!"

प्रोफेसरनं दोन्ही हात पसरले. "मी काही म्हणत नाही हो. मी फक्त दाखवतो. तुम्हीच म्हणा."

आणि मग ते आलंच. कुठून तरी मधूनच एक आवाज उठला, "ईनॉक टिलरी!" आणि पाठोपाठ सगळ्या कारखान्यानं ते नाव उचललं. मागच्या भिंतीजवळ एक बाई मटकन खाली बसली. ती ईनॉकची बायको डॉर्कस होती.

चादरीजवळ उभा असलेला कॉरोनर जोसाया मॅडॉक्स हे सगळं बघत होता. मॅडॉक्सची मक्याची गिरणी होती. कॉरोनरकी त्यानं घेतली ती दुसरं कुणी घेईना म्हणून. कुणी अवचित मेलं की पंच जमवायचे, प्रेत उलटंपालटं करून बघायचं, साक्षी घ्यायच्या आणि हा माणूस कशानं मेला ते ठरवायचं, हे त्याचं काम. या परगण्यात माणसं तापानं कमी आणि अपमानानं जास्त मरत. बाजाराच्या दिवशी सुरे निघत, निवडणुकीला बंदुका निघत, कुणी कुणाच्या कुत्र्याला लाथ मारली म्हणून तीन पिढ्या एकमेकांवर दबा धरून बसत. आणि मेलेला काळा असेल किंवा मारणारा मोठ्या घरचा असेल, तर पंचांचा निकाल आधीच घडवून ठेवलेला असे. 'अज्ञात इसमांच्या हातून.' मॅडॉक्सनं ते शब्द इतक्यांदा लिहिले होते की झोपेतही लिहिले असते.

या खेपेला पंचांचा म्होरक्या होता मेजर रूफस बॅस्कम, म्हणजे खुद्द वायलीचा सासरा. आदल्या संध्याकाळी दारूच्या भट्टीवर वायलीचं आणि मेजरच्या मुलाचं, क्लेमचं, कडाक्याचं वाजलं होतं, हे परगण्यातल्या कुत्र्यामांजरांना ठाऊक होतं. पंचांपुढे मात्र ते एकालाही आठवलं नाही. त्यांना आठवलं ते एवढंच की वायलीची मोकाट डुकरं ईनॉकच्या रताळ्यांत शिरली होती, ईनॉकनं ती कोंडून ठेवली होती, आणि वायली शिव्या देत आला तेव्हा ईनॉकनं मान खाली घातली नव्हती. मान खाली न घालणं हा त्या काळी पुरावाच होता. तेवढ्यात फोटो काढत गावोगाव फिरणारा हा प्रोफेसर आपली गाडी घेऊन टपकला, आणि मेजरनं त्याला दोन्ही हातांनी वर घेतलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशातली गत.

"मॅडॉक्स," मेजरनं त्याच्या दंडाला धरलं, "निकाल लिहून टाक. चित्र सगळ्यांनी पाहिलंय."

"उद्या सकाळी लिहितो, मेजर. सह्या उजेडात झालेल्या बऱ्या."

"उद्या? पोरं उद्यापर्यंत थांबायची नाहीत." मेजर शांतपणे म्हणाला. दाराशी दोघं जण खोगिराला दोर बांधत होते. तो कापसाच्या गाठी बांधायचा नव्हता.

"थांबतील. तुम्ही सांगितलंत तर थांबतील," मॅडॉक्स म्हणाला. "उद्या तुमच्या म्होरकेपणाला कुणी नावं ठेवू नयेत एवढंच म्हणतो मी. कायद्यानं झालं की तुमचं तोंड वर."

मेजरला तोंड वर असणं आवडे. त्यानं क्षणभर विचार करून मान हलवली. मॅडॉक्सच्या हातात एक रात्र आली.

तो तडक तुरुंगात गेला. तुरुंग म्हणजे ओंडक्यांची एक खोली, आणि तिचा पहारेकरी किल्ली मागेल त्याला देऊन मोकळा होणारा. ईनॉक कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. उंच, हाडापेरानं मजबूत माणूस, पण एका दिवसात त्याचे गाल आत गेले होते.

"साहेब, आज नेणार का?"

"आज नाही."

"मग उद्या." ईनॉकनं नुसती मान डोलावली. मग तो म्हणाला, "साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"वायलीसाहेबाला मागून मारलं म्हणतात. कवटी मागून फुटलीय."

"हो. मीच बोटं घालून बघितली."

"मग त्यानं मला पाहिलं कधी?"

मॅडॉक्सनं आपल्याच बोटांकडे पाहिलं. प्रेत पालथं सापडलं होतं, नाक चिखलात रुतलेलं. वळायला वेळसुद्धा मिळाला नव्हता बिचाऱ्याला. हाताच्या काकणाला आरसा कशाला? पण ते काकण दोन दिवस स्वतःच्याच हातात असून त्याला दिसलं नव्हतं. चादरीवरच्या त्या डोळ्यानं त्याचेही डोळे दिपवले होते.

"हे मी पंचांना सांगेन," तो म्हणाला.

"ते म्हणतील, पडता पडता वळून बघितलं." ईनॉक हसला. ते हसणं बघवत नव्हतं. "ज्याला मानायचंच आहे, साहेब, त्याला कारणांचा तोटा नसतो. डॉर्कसला सांगा, मुलांना घेऊन जा म्हणावं. आज रात्रीच."

मॅडॉक्स घरी आला तेव्हा दिवस कलत होता. डुकरं मारायचे दिवस होते ते. सगळ्या परगण्यात कढया चढल्या होत्या, चरबी कढत होती. त्याच्याही अंगणात एक डुक्कर उलटं टांगलेलं होतं आणि बायको हात बरबटून चरबी चिरत होती. कुंपणाशी दोन बाया उभ्या होत्या. एक डॉर्कस. दुसरी लव्हिनिया बून, काळ्यांच्या चर्चमध्ये मुलांची शाळा भरवणारी मास्तरीण. तिशीच्या आतली, बारीक, आणि बोलायला लागली की समोरच्याला आपण मागच्या बाकावर बसलोय असं वाटायला लावणारी.

"साहेब, त्याला आज मारणार की उद्या, तेवढं सांगा," डॉर्कस म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी आटून गेलं होतं. "कळलं म्हणजे मी त्याचा धुतलेला शर्ट घेऊन येते."

मॅडॉक्सच्या बायकोनं सुरी खाली ठेवली. "मुलांना घेऊन आज रात्रीच जा, असा त्याचा निरोप आहे," मॅडॉक्स म्हणाला.

"शर्टाचं नंतर बघू, डॉर्कस," मास्तरीण म्हणाली आणि तिनं पदराआडून काढावं तसं शालीखालून एक कार्ड काढलं. "कॉरोनरसाहेब, मागच्या जत्रेत याच प्रोफेसरनं माझा फोटो काढला होता. हा. आणि हे भिंग. शाळेत मुलांना मुंगीचे पाय दाखवते मी यातून. बघा."

"काय बघू?"

"माझे डोळे."

त्यानं भिंग धरलं. आधी धूसर, मग स्पष्ट झालं. मास्तरणीच्या डाव्या डोळ्यात उजेडाचा एक छोटासा चौकोन होता आणि त्या चौकोनात हॅट घातलेला, हात वर केलेला एक काळा माणूस उभा होता. उजव्या डोळ्यातही तसाच.

"अरे देवा," मॅडॉक्स म्हणाला.

"दोन-दोन खुनी," लव्हिनिया म्हणाली. "आणि मी तर जिवंत आहे. मला मारलं कुणी?"

"हा... हा प्रोफेसर आहे?"

"दुसरं कोण? तंबूचं दार त्याच्या पाठीशी उघडं होतं. फोटो काढताना तो भिंगावरचं झाकण काढतो आणि हातात धरून उभा राहतो, असा." तिनं हात उगारून दाखवला. "डोळा ओला असतो, आरशासारखा. समोर जो उभा तो त्यात दिसणारच. आणि तो दांडा म्हणता ना, तो त्याच्या यंत्राचा पाय."

"पण प्रोफेसर तर गोरापान आहे. लोणी खाऊन वाढलेला."

लव्हिनियानं त्याच्याकडे असं पाहिलं, की पाढा चुकलेल्या पोरानं मान खाली घालावी. "साहेब, जरा दाराकडे बघा."

चरबी आत ठेवून त्याची बायको घराच्या मागच्या दारात उभी होती. पुढचंही दार उघडं होतं आणि तिच्या पाठीशी मावळतीचा उजेड होता. तिचं तोंड, हात, झगा, सगळं कोळशासारखं काळं दिसत होतं. उजेड पाठीशी घेतला की या जगात प्रत्येक माणूस काळाच दिसतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आपल्या परगण्यात काळी आकृती दिसली की डोळे तिथेच थांबत, आणि पुढचं काम तोंड करी.

मॅडॉक्स पायरीवर बसला. "मास्तरीणबाई, हे खरं आहे. पण तुझं कोण ऐकणार तिथे?"

"कुणी नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले. तुमचं ऐकतील."

"माझं? मेजर मला उभा चिरेल. पुढची निवडणूक सोड, गिरणीवर दळण आणायचं कुणी?"

"होय," लव्हिनिया म्हणाली. "तेही होईल."

तिनं त्याची समजूत घातली नाही की त्याला धीरही दिला नाही. डॉर्कस कुंपणाला धरून उभी होती आणि तिच्या ओठांवर काहीतरी पुटपुटणं चाललं होतं, प्रार्थना किंवा नुसतं नवऱ्याचं नाव. मॅडॉक्सची पाचावर धारण बसली होती. कुठल्या तोंडानं नाही म्हणावं तेही त्याला कळत नव्हतं. त्याची नजर इकडेतिकडे फिरली आणि टांगलेल्या डुकरावर येऊन थांबली. डुकराचे डोळे अर्धवट उघडे होते.

"ओला असला की कुठलाही डोळा चालेल ना?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात कालच्यापेक्षा जास्त गर्दी होती. कालच्या खेळाची कीर्ती ओढ्यापलीकडे गेली होती. लोक भाकरीची गाठोडी बांधून आले होते. दोरवाले पुढेच उभे. वायलीची विधवा टॅबिथा, मेजरची मुलगी, काळ्या कपड्यांत बाकाच्या टोकाला बसली होती. गेल्या तीन दिवसांत ती एक शब्द बोलली नव्हती, आणि तिला कुणी काही विचारलंही नव्हतं.

"निकाल लिहिण्याआधी," मॅडॉक्सनं घसा साफ केला, "एक बारीकशी कायद्याची बाब आहे. प्रोफेसरसाहेबांचं शास्त्र नवीन आहे. वरच्या कोर्टात कुणी वकील शंका काढील. तेव्हा हा प्रयोग सर्वांसमक्ष आणखी एकदा व्हावा."

"पुन्हा त्या बिचाऱ्याचा डोळा?" बायकांत चुळबुळ झाली.

"नाही. डुकराचा."

प्रोफेसर पेल फसकन हसला. "डुकराचा! महाशय, डोळ्यात जे उमटतं ते आत्म्याच्या तेजानं उमटतं! जनावराला आत्मा कुठला? त्याच्या डोळ्यात काहीही दिसणार नाही. कोरी काच! नुसती कोरी काच!"

"म्हणजे तुमचं शास्त्र अधिकच पक्कं होईल," मॅडॉक्स म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं ना? डुकराच्या डोळ्यात काही दिसलं, तर ते आत्म्याचं नव्हे."

प्रोफेसरचं हसणं जरा ओठांवरच थिजलं. पण बोलून गेला होता. बोललेलं गिळणं तंबाखूचा रस गिळण्यासारखंच, जमत नाही.

"डुक्कर मेजरसाहेबच मारतील," मॅडॉक्स पुढे म्हणाला. "त्यांच्याइतका साफ हात परगण्यात दुसरा नाही."

हे खरं होतं आणि मेजरला ते ऐकायला आवडलं. त्यानं कोट काढला, कुऱ्हाड घेतली आणि मागच्या वाड्यातलं एक डुक्कर समोरून, कपाळावर एकाच घावात पाडलं. शंभर माणसांनी पाहिलं. मान कापून ते डोकं आणलं आणि वायलीला बाजूला सरकवून त्याच दारावर, त्याच जागी, मोठ्या दरवाजाकडे तोंड करून ठेवलं. मेलेला आणि डुक्कर शेजारी शेजारी. टॅबिथानं तोंड फिरवलं.

"आता अर्क घाला, प्रोफेसर. जसा वायलीला घातलात तसा."

प्रोफेसरनं कुपी काढली. मॅडॉक्सनं ती त्याच्या हातातून घेतली, वास घेतला, बोटावर एक थेंब घेऊन चाखला. "गोड लागतं. ग्लिसरीन आहे हे. माझी बायको थंडीत उललेल्या हातांना लावते. मेलेला डोळा सुकून निस्तेज होतो, हे घातलं की आरशासारखा चमकतो. एवढीच यातली विद्युत. असू दे. घाला."

मागून कुणीतरी खिदळलं. प्रोफेसरचे कान लाल झाले. पण मेजर बघत होता, आणि मेजर बघत असताना पळून जाणं शहाणपणाचं नव्हतं. त्यानं थेंब घातले, गाडीतून फोटोची काच औषध लावून आणली, यंत्र लावलं. पाठीशी दरवाजा सताड उघडा, बाहेर डिसेंबरचं लख्ख ऊन. त्यानं भिंगावरचं झाकण काढलं आणि सवयीनं हात वर धरून उभा राहिला.

"तस्सेच उभे राहा!" मॅडॉक्स ओरडला. "सगळ्यांनी बघून घ्या. हॅट. वर उचललेला हात. यंत्राचा पाय. आणि तोंड कसं दिसतंय यांचं?"

दारात उजेडाच्या चौकटीत प्रोफेसर लायसँडर पेल उभा होता, आणि तो काळाकुट्ट दिसत होता.

काचेवर फोटो उमटायला वेळ लागला. तेवढ्या वेळात कुणी भाकरी सोडली नाही, कुणी थुंकलं नाही. मग दारं लावली, दिवा लागला आणि चादरीवर डुकराचा डोळा उघडला. पापणीचे राठ केस सुद्धा दिसत होते. बाहुलीत पांढरा चौकोन. चौकोनात हॅट घातलेला एक काळा माणूस, हात उगारलेला, खाली दांडा.

"अरे, ईनॉकनं मेजरचं डुक्कर पण मारलं की काय!" सरकीच्या ढिगावरून कुणीतरी ओरडलं.

"तो तर कुलपात आहे!"

"म्हणजे भुतानं मारलं!"

हशा उसळला. तीन दिवस रक्ताची तहान लागलेली ती गर्दी पोट धरून हसू लागली, आणि मॅडॉक्सला तिच्या रागापेक्षा त्या हसण्याची जास्त भीती वाटली. इतक्या सहज हसणारी ही माणसं काल इतक्याच सहज एकाला झाडाला टांगणार होती.

"डुक्कर कुणी मारलं?" त्यानं आवाज चढवला. "मेजर, तुम्ही मारलंत. समोरून, त्याच्या डोळ्यांदेखत. मग तुमची पांढरी दाढी कुठे आहे या डोळ्यात? आणि वायलीला मागून मारलं होतं. मी स्वतः बोटं घातलीत. मागून येणारा डोळ्यात शिरलाच कसा?"

हशा विरला. मेजरचा चेहरा तांबडा होत गेला. "याचा अर्थ काय, मॅडॉक्स?"

"अर्थ हा, की डोळ्यात दिसतो तो फोटो काढणारा. मेलेल्याचा डोळा म्हणजे ओली काच. ती काही लक्षात ठेवत नाही."

सगळ्यांचे डोळे प्रोफेसरकडे वळले. दोरवाल्यांतला एक दोन पावलं त्याच्याकडे सरकला. कालचा देवमाणूस आपल्या यंत्रामागे सरकला.

"मी नाव घेतलं नव्हतं!" तो किंचाळला. "आठवून बघा! मी म्हणालो, तुम्हीच म्हणा! ईनॉक टिलरी हे नाव तुम्ही घेतलंत! मला तर तो माणूस ठाऊकही नाही!"

तो लबाड आयुष्यात एक वाक्य खरं बोलला असेल तर ते हे. चमत्कार त्यानं आणला होता, पण माणूस त्यांनी दिला होता.

"दोर खाली ठेव," मॅडॉक्स त्या माणसाला म्हणाला. "एकाला सोडायचं म्हणून दुसऱ्याला टांगायचं नाही. हा लबाड आहे, खुनी नाही. त्याला जाऊ दे." मग तो गर्दीकडे वळला. ज्यावर वायली निजला होता त्या दाराची कड त्यानं धरली. "दोन दिवस आपण सगळे एका मेलेल्या डोळ्यात डोकावतोय. काय म्हणून? इथे शंभर जिवंत डोळे आहेत. त्यांनी बुधवारी संध्याकाळी भट्टीवर भांडण पाहिलं. ओढ्याकडे कोण गेलं ते पाहिलं. चमत्कार कशाला हवा? तोंड उघडा. ज्यानं जे पाहिलं ते त्यानं सांगावं. शास्त्र म्हणतात ते एवढंच आहे, दुसरं काही नाही."

माणसं बुटांकडे बघत होती. एरवी आरवणारे कोंबडे सगळे मुके झाले. चित्र का हवं होतं ते मॅडॉक्सला आता पुरतं कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर चोराकडे बघायला लागत नाही. मेलेल्याच्या डोळ्यात बघत बसलं की जिवंत शेजाऱ्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

"कुणी नाही?" त्यानं विचारलं. "मग मी 'अज्ञात इसम' लिहू?"

बाकाच्या टोकाला कपडे सळसळले. टॅबिथा स्ट्राउड उभी राहिली.

"मला विचारा," ती म्हणाली.

"खाली बस, पोरी," मेजर म्हणाला.

"मला कुणी विचारलंच नाही, बाबा. दोन दिवस तुम्ही त्यांच्या डोळ्यात दिवे लावताय. माझे उघडे आहेत." तिचा आवाज फाटत होता. "मी ओढ्यावर गेले होते, त्यांना जेवायला बोलवायला. क्लेम मागून आला. माझ्यादेखत. कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्यानं. मग मला म्हणाला, ताई, तू काही पाहिलं नाहीस."

"टॅबिथा!"

"मेजर, साक्षीदाराला बोलू द्या," मॅडॉक्स म्हणाला.

मेजर बॅस्कम उभा होता तिथेच एकदम म्हातारा झाला. मुलीकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तर आपल्यालाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं हे उघडं पडल्याची लाज होती. क्लेम गर्दीत नव्हता. कुणीतरी बाहेर जाऊन बघितलं, त्याचं खेचरही नव्हतं. पंचांनी सह्या केल्या, एकमेकांकडे न बघता. म्होरक्याच्या जागी सही नव्हती. मॅडॉक्सनं क्लेम बॅस्कमचं नाव लिहिलं आणि पकडवॉरंटवर स्वतःची सही केली. टॅबिथा सही झाल्यावर खाली बसली आणि तेव्हा कुठे नवऱ्यासाठी रडली.

तुरुंगाचं दार उघडलं तेव्हा बाहेर डॉर्कस उभी होती. तिच्या हातात धुतलेला शर्ट होता. ईनॉकनं तो घेतला, अंगात घातला, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद काही दिसेना.

"मागच्या वाटेनं जा," मॅडॉक्स हळूच म्हणाला. "पलीकडच्या परगण्यात तुझं कोणी असेल तर तिकडे राहा थोडे दिवस. इथली माणसं... शरमलेली माणसं रागावलेल्यांपेक्षा वाईट."

"चित्र खोटं ठरलं ना, साहेब?"

"ठरलं."

"बाईनं खरं सांगितलं ना?"

"सांगितलं."

"मग मी का पळू?" ईनॉक म्हणाला. "माझी रताळी जमिनीत आहेत. माझी मुलं तिथं आहेत. खोटं ठरल्यावरही मीच पळायचं असेल, तर ते खोटं ठरलं कुठं?"

लव्हिनिया बून रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती. लबाडी उघडी पाडायला एक डुक्कर आणि एक काच पुरते. पण ज्या मनाला ती लबाडी हवीहवीशी वाटली, त्याचं काय करायचं, हे कुठल्या भिंगातून दिसत नाही. ते ज्याचं त्यालाच रोज बघावं लागतं.

ईनॉक चालू लागला. मागच्या वाटेनं नाही, बाजारातल्या मोठ्या रस्त्यानं. डॉर्कस त्याच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, एक क्षण थांबून, मॅडॉक्स. दोन्हीकडच्या ओसऱ्यांवर माणसं उभी होती. काहींच्या हातात अजून दोर होते.

"बघा," मॅडॉक्स त्यांना म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण रस्ता इतका गप्प होता की शेवटच्या घरापर्यंत गेला. "भर दुपार आहे. उजेड समोरून आहे. नीट बघून घ्या कोण चाललंय ते."